मोठ्या करवतीचा हिशेब



गेल्या काही महिन्यांत पालघर, रायगड आणि ठाण्याकडच्या गटांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. गटाच्या पैशातून झाड कापायचं मोठं मशीन घ्यावं का, आणि घ्यायचं तर कमी पैशात कुठलं घ्यावं? मशीन भाड्याने द्यायचं, पावसाळ्यात पडलेली झाडं हटवायची कामं घ्यायची, असा बेत आहे. बेत चांगला आहे. शिलाई मशीन आणि पापड-लोणच्याच्या पलीकडे गट बघायला लागलेत, याचा मला आनंदच आहे. पण 'अमक्या कंपनीचं घ्या' असं सांगून मोकळं होता येत नाही. मोठं झाड कापायला नक्की कशाचे पैसे पडतात, याचं उत्तर गेल्या दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा बदलत आलंय. ते ज्याला कळलं नाही, तो दुकानात पट्टीची लांबी बघून भुलतो. म्हणून आज आधी जुन्या गोष्टी सांगते. मी मुलुंडला राहते, तेव्हा इकडच्या उपनगरांतली उदाहरणं जरा जास्त येतील, सांभाळून घ्या.

पूर्वी मोठी करवत विकत घेणं ही मोठी गोष्ट नव्हती. ती चालवायला माणसं लागायची, तिथे पैसा जायचा. ओंडका फळ्यांत चिरायचा तर तो खड्ड्यावर नाहीतर उंच घोडीवर आडवा ठेवत. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. मधे लांबलचक करवत. वरचा आखलेल्या रेघेवर नजर ठेवणार, खालचा डोळ्यांत भुसा घेत ओढणार. तुमच्यापैकी काहींच्या आजोबांनी हे केलेलं असेल, निदान पाहिलेलं तरी असेल.

या हातकामाची ताकद बघायची असेल तर मुंबईच्या गोदीकडे बघावं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला जहाजं बांधायला आले. त्यांच्या घराण्याने पुढे कित्येक पिढ्या सागवानाची जहाजं बांधली. त्यातलं 'त्रिंकोमाली' नावाचं जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगतंय. हात-करवत आणि वाकस यांच्या जमान्यातलं ते काम. तेव्हा खर्च मोजायचा म्हणजे किती माणसं आणि किती दिवस, एवढंच मोजायचं. करवतीला धार लावायला एक कानस पुरायची.

त्या काळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही शेतं, आमराया आणि ताडाची झाडं असलेली खेडी होती. हा सगळा भाग म्हणजे साष्टी, आणि साष्टी ठाणे जिल्ह्यात. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे अशी आगगाडी धावली ती याच गावांच्या अंगावरून. मुंबई शहराच्या चुली ठाणे जिल्ह्यातल्या जंगलांच्या लाकडावर आणि कोळशावर पेटायच्या. त्या धंद्यात कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं राबत होती. मग १८७८ चा वन कायदा आला आणि सरकारने जंगलं राखीव करायला घेतली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी एवढ्या वाढल्या, की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. गंमत बघा, त्या वेळी सरकार कुऱ्हाडीच्या आणि डोक्यावरच्या मोळीच्या मागे लागलं होतं. मोळी आणणारी बाई दिवसभरात जेवढं तोडायची, तेवढं आजचं मशीन चहा व्हायच्या आत तोडतं.

आता या मशीनच्या साखळीची गोष्ट. ती ऐकून तुम्हाला नवल वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ही दातेरी साखळी पहिल्यांदा लाकडासाठी झालीच नाही. ती झाली अडलेल्या बाळंतपणासाठी. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे नावाचे दोन डॉक्टर होते, त्यांची नावं या करवतीशी जोडलेली आहेत. तेव्हा पोट फाडून बाळ काढणं म्हणजे आईचा जीव जवळजवळ गेलाच. म्हणून बाळ अडलं की ओटीपोटाच्या पुढच्या हाडांमधला सांधा कापून वाट रुंद करायची, असा एक उपाय काही डॉक्टर करत. सुरीने ते नीट जमत नसे. एटकिन यांच्या १७८५ च्या प्रसूतीवरच्या पुस्तकात यासाठी एक बारीक, वाकणारी करवत दाखवलेली आहे. घड्याळाच्या साखळीएवढी नाजूक, एका कडेला दात, दोन टोकांना दोन मुठी. हाडाखालून ओवायची आणि आळीपाळीने ओढायची. भुलीचं औषध यायला अजून साठ वर्षं होती. त्या बायकांनी काय सोसलं असेल ते तुम्हीच समजा. मोबाइलवर एक चित्र फिरतं, त्यात आजच्यासारखं पेट्रोलचं मशीन बाळंतिणीवर चालवताना दाखवतात. ते साफ खोटं आहे. साखळी होती, ती हाताने ओढायची आणि बोटभर रुंदसुद्धा नव्हती.

पुढे १८३० च्या सुमाराला जर्मनीतल्या बर्नहार्ड हाइने यांनी हाडं कापायचं एक यंत्र केलं. एक पट्टी, तिच्या कडेने फिरणारी दातेरी साखळी, आणि फिरवायला दांडा. आजच्या मशीनचा आराखडा हाच. दांड्याच्या जागी इंजिन आलं आणि हाडाच्या जागी झाड आलं.

इंजिन बसवण्याच्या कामात आंद्रेआस श्टील या जर्मन माणसाचं नाव येतं. आपल्याकडच्या दुकानांत 'स्टिल' म्हणून जी कंपनी ओळखतात ती यांचीच. १९२६ मध्ये त्यांनी विजेवरची साखळी करवत केली. ती धरायला दोन माणसं लागत आणि जंगलात वीज कुठून आणायची हा प्रश्न होताच. १९२९ मध्ये पेट्रोलची आली, वजन ४६ किलो. म्हणजे जवळजवळ सिमेंटची गोण उचलून झाड कापायचं. १९५० मध्ये एकट्याने चालवायची आली, १६ किलोची. १९५९ मध्ये १२ किलोवर उतरली. आज ७० सीसीचं मशीन पट्टी आणि साखळी सोडून सहा-सात किलो भरतं. भरलेली कळशी कमरेवर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला सहा-सात किलो काय, असं वाटेल. पण कळशी थरथरत नाही आणि उसळून तोंडावर येत नाही.

थरथरण्यावरून आठवलं. सुरुवातीच्या मशीनमध्ये इंजिनाचा सगळा हादरा सरळ हातात यायचा. जंगलात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची बोटं पांढरी पडायची, बधिर व्हायची, थंडीत दुखायची. त्यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकात मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर बसवायला सुरुवात झाली. साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकात आला. या दोन गोष्टी तुम्ही घेणार त्या मशीनमध्ये आहेत का आणि चालतात का, हे दुकानातच बघा. नुसत्या दिसतात यावर जाऊ नका. मशीन चालू करून पुढचा दांडा मनगटाने पुढे ढकला, साखळी तिथल्या तिथे थांबली पाहिजे.

आणखी एक माणूस सांगायचा राहिला, तो अमेरिकेतला जो कॉक्स. पूर्वीच्या साखळीचे दात हात-करवतीसारखे टोकदार होते. ते लवकर बोथट व्हायचे आणि धार लावायला तासन् तास जायचे. १९४६ मध्ये कॉक्स लाकूड तोडत होते, तेव्हा त्यांना एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती लाकडाच्या नसांना आडवी आणि उभी, दोन्हीकडून सारखीच सहज जात होती. तिचे जबडे वाकडे, एक डावीकडे कापणारा, एक उजवीकडे. कॉक्स यांनी तसाच दात साखळीला बसवला, एक डावा, एक उजवा. आज तुमच्या तालुक्याच्या दुकानात टांगलेली जवळपास प्रत्येक साखळी त्या अळीच्या जबड्याची आहे. ज्या किडीने आपले वासे खाल्ले तिनेच हा धडा दिला म्हणायचं!

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. कापण्याचं काम साखळी करते आणि साखळी ओढण्याचं काम इंजिन करतं. पट्टी दोघांना फक्त आधार देते. पण कमी पैशात मोठं मशीन विकायचं असलं की सगळ्यात स्वस्तात लांब करता येते ती पट्टीच.

आता दुकानात चला. मशीनवर दोन आकडे दिसतील. एक सीसी, म्हणजे इंजिनाची ताकद किती असेल याचा अंदाज. दुसरा इंचांत, म्हणजे पट्टीची लांबी. दुकानदार दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवतो, तुम्ही पहिल्यावर ठेवा. बाजारात '५८ सीसी, २२ इंच' असं लिहिलेली बिननावाची मशीनं पाच ते दहा हजारांत मिळतात. नावाजलेल्या कंपन्यांची ७० सीसीच्या पुढची मशीनं त्याच्या कित्येक पट महाग असतात. तिथे गटाची बैठक अडते. पण लेबलावरचा आकडा खरा आहे का, हे तपासायची एक युक्ती आहे. मशीनच्या पुस्तिकेत सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक दिलेला असतो. गटातल्या कुणाच्याही दहावीच्या मुलीला द्या, वृत्तचितीचं घनफळ ती काढून देईल. समजा व्यास ४.५ सेंटिमीटर आहे आणि स्ट्रोक ३.४ सेंटिमीटर. त्रिज्या झाली २.२५. तिचा वर्ग करा, ३.१४ ने गुणा, मग ३.४ ने गुणा. उत्तर येतं ५४. म्हणजे ५४ सीसी, ५८ नाही. जो लेबलावर चार सीसी वाढवतो, तो ब्रेकमध्ये काय वाचवत असेल?

एवढ्याशा इंजिनावर ३० इंचांची पट्टी बसवली तर मशीन दिसतं पहिलवान. ओल्या चिंचेच्या बुंध्यात घातलं की साखळी दमते. मग चालवणारा जोर देऊन दाबतो, पट्टी तापते, क्लच जळतो. जोर देऊन कापावं लागलं की समजायचं, एकतर साखळी बोथट आहे नाहीतर इंजिन कमी पडतंय. धार असलेल्या साखळीतून लाकडाचे तुकडे पडतात, बोथट साखळीतून पीठ पडतं. भाकरीच्या पिठाला हात लावून गिरणीचा दगड ओळखता ना तुम्ही? तसंच हे.

आणि लांब पट्टी हवीच कशाला? तीन फूट जाडीचा बुंधा म्हणजे ३६ इंच. २२ इंचांच्या पट्टीने तो एका बाजूने अर्धा आणि दुसऱ्या बाजूने अर्धा कापता येतो. जाणकार कारागीर असंच करतो. कमी पैशात मोठं काम करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, मजबूत इंजिन आणि आखूड पट्टी घ्या. उलटं करू नका. रोजच्या कामाला ५० ते ६० सीसीचं चांगल्या कंपनीचं मशीन पुरतं. ७०-९० सीसीचं यंत्र ज्याला दररोज मोठे ओंडके पाडायचे आहेत त्याने घ्यावं. गटाने ते लागेल तेव्हा भाड्याने आणावं.

हे मी उपनगरांतल्या मोठ्या झाडांकडे बघूनच म्हणते. इकडे रस्त्याकडेला आणि जुन्या कॉलन्यांमध्ये पर्जन्यवृक्ष पुष्कळ. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं झाड, छत्रीसारखं पसरतं, बुंधा दोन माणसांच्या कवेत मावत नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत यांतल्या कितीतरी झाडांना पिठ्या ढेकूण लागला आणि उभी झाडं वाळली. वाळलेलं झाड रस्त्यावर पडायच्या आत उतरवावं लागतं. ते उतरवतात कसं? एक माणूस दोर बांधून वर चढतो. कोयता, हात-करवत किंवा लहान मशीन घेऊन शेंड्याकडून एकेक फांदी कापतो, दोराने खाली सोडतो. दिवसभर हेच चालतं. खाली बुंधा उरला की मग मोठं मशीन बाहेर निघतं आणि अर्ध्या-पाऊण तासात परत पेटीत जातं. झाड एवढं अवाढव्य असूनसुद्धा मोठ्या मशीनचं काम एवढंच. बाकी सगळी करामत दोर, चढणारा आणि खाली उभं राहून माणसं अडवणारा यांची. हे चढणारे बहुतेक तुमच्याच गावांतून आलेले असतात.

तेव्हा बजेटमध्ये आधी माणसाचं अंग झाकायचे पैसे बाजूला काढा. जाळीचा पडदा आणि कान झाकणारं हेल्मेट, जाड बूट, हातमोजे आणि पायाला बांधायचे चॅप्स. चॅप्सच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन साखळीत गुंततात आणि ती अडकून थांबते. मांडीची मोठी शीर वाचते. स्वस्त मशीनबरोबर दुकानदार चष्मा फुकट देतो, चॅप्स देत नाही. कापताना पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत उसळून चालवणाऱ्याकडे येतं. जुन्या कारागिरांच्या खांद्यावरच्या खुणा याच्याच.

पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळायला विसरलात तर इंजिन एका दुपारीत जाम होतं. पुस्तिकेत ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. साखळीचं तेल वेगळं, ते वेगळ्या टाकीत. तिथे गाडीचं जळकं तेल घालायची पद्धत आहे, ती सोडा. पंप तुंबतो आणि काळे शिंतोडे अंगावर उडतात. जुनं मशीन घेत असाल तर दोरी ओढून बघा, हाताला चांगला अडसर जाणवला पाहिजे. सायलेन्सर काढून आतल्या पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात का, तेही बघा. दिसले तर पाया पडा आणि घरी या.

आता पैशात न मोजता येणारी एक किंमत. तिच्यासाठी जरा गोरेगावला जाऊ.

अंधेरी आणि बोरिवलीच्या मधोमध आरे कॉलनी आहे. मुंबईला दूध पुरवायला १९४९ मध्ये ती सुरू झाली. गोठे शहराबाहेर काढून तिथे नेले. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं आणि एक रोप लावलं. त्याच जागेत वारली आणि इतर आदिवासींचे २७ पाडे. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांवर झाडं तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये परवानगी दिली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिव्यांच्या उजेडात यंत्रं सुरू झाली. लोक धावले, जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. त्यांत बायका-मुलीही होत्या. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती. पुढे हे प्रकरण बरीच वर्षं चाललं. २०२३ मध्ये ८४ झाडांची परवानगी असताना १७७ झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल न्यायालयाने मेट्रो कंपनीला दहा लाखांचा दंड केला, तोडायला परवानगीही दिली.

मेट्रो हवी की नको, यावर आज मी बोलत नाही. मी मुलुंडची, लोकलच्या गर्दीत उभी राहणारी बाई, मला दोन्ही बाजू कळतात. मला दिसतो तो वेळ. २६ मार्च १९७४ रोजी हिमालयात रेणी गावी ठेकेदाराची माणसं अडीच हजारांच्या आसपास झाडं तोडायला आली. गावातले पुरुष भरपाईच्या कामासाठी बाहेर बोलावले गेले होते. गौरादेवी सत्तावीस बायका-मुलींना घेऊन जंगलात गेल्या आणि झाडांना बिलगल्या. कुऱ्हाडीने अडीच हजार झाडं पाडायला किती दिवस लागले असते! बायकांना घरातून निघायला, चढ चढायला, ठेकेदाराशी वाद घालायला वेळ मिळाला. आरेत तेवढीच झाडं अडीच दिवसांत गेली. कोर्ट उघडायला सोमवार उजाडावा लागला. हात-करवतीच्या काळात उशीर आपोआप व्हायचा. कुणी हरकत घ्यायची असेल तर त्या उशिरात घ्यायची. मशीनने तो उशीर संपवला. म्हणून आता तो कागदावर मुद्दाम ठेवावा लागतो, त्यालाच आपण परवानगी म्हणतो.

शहरांत त्यासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. गावांत १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड कायदा लागतो. त्याच्या यादीत साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ तर आहेतच, पण आपल्या परसातला आंबा, फणस, चिंच, जांभूळ आणि मोहसुद्धा आहे. झाड तुमच्या सातबाऱ्यावर असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारलं की अर्ज कुठे करायचा ते सांगतात. भाड्याने मशीन देणाऱ्या गटाने हे लक्षात ठेवलंच पाहिजे. 'आम्ही फक्त मशीन दिलं' म्हणून सुटता येईल यावर भरवसा ठेवू नका. मशीन देताना परवानगीची झेरॉक्स घ्या आणि वहीत लावा. ज्याच्याकडे कागद नाही तो घासाघीस न करता जास्त भाडं द्यायला तयार होतो. तिथेच सावध व्हायचं.

पडलेल्या झाडांचं काम त्यामानाने सरळ, असं वाटतं. तेही तसं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पोफळीला मोठं मशीन लागतच नाही, लहानाने भागतं. नारळाचा बुंधा धाग्यांचा, आणि किनाऱ्यावर त्यात वाळू बसलेली. वाळूत साखळी एकदा घासली की धार गेली. अशा कामाला एक मोठं मशीन असण्यापेक्षा एक मध्यम मशीन, जोडीला तीन साखळ्या आणि मापाची गोल कानस जास्त उपयोगी. पडलेलं झाड एखाद्या फांदीवर किंवा दुसऱ्या झाडावर तणावून टेकलेलं असतं, चुकीच्या जागी कापलं की धनुष्यासारखं सुटतं. खाली विजेची तार असेल तर वीज मंडळाचा माणूस येऊन लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही.

आता गटाच्या वहीतलं गणित. समजा मशीन ५० हजारांचं घेतलं आणि सुरक्षेचं सामान १० हजारांचं. एकूण ६० हजार. चार वर्षं टिकलं आणि वर्षाला ४० दिवस चाललं तर १६० दिवस. दिवसाला ३७५ रुपये नुसत्या मशीनचे पडले. पेट्रोल, तेल, साखळी, चालवणाऱ्याची मजुरी याच्या वर. पण तेच मशीन वर्षाला १० दिवसच बाहेर निघालं, तर चार वर्षांत ४० दिवस, आणि दिवसाला १,५०० रुपये. मग ते भाड्याने आणलेलं बरं. तेव्हा दुकानात जाण्याआधी मागचं वर्ष आठवा. तुमच्या आणि शेजारच्या चार गावांत खरोखर किती दिवस असं काम निघालं? त्यातलं जाड बुंध्याचं किती, फांद्यांचं किती? हे आकडे दुकानदाराकडे नसतात, तुमच्याकडेच असतात. आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात का, दुरुस्ती करणारा किती लांब आहे, हे किमतीच्या आधी विचारा.

मशीन चालवायला गटातल्याच दोघी-तिघी शिकणार असतील तर आणखी चांगलं. पण प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणि दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय नाही. साखळीला कानस कशी लावायची, किती अंशात धरायची, दात किती घासायचे हे पुढच्या भागात एका कारागिराकडून प्रत्यक्ष ऐकू. तोवर आपल्या गटात वर्षाचे दिवस मोजून ठेवा आणि आकडा कळवा. पुढच्या भागात मी ते वाचून दाखवीन. नमस्कार.